कॉन्स-एंडोला एमडीएस करायचंय? चॉइस भरायच्या आधी डिपार्टमेंट बघून या

दरवर्षी नीट एमडीएसचा, म्हणजे बीडीएसनंतरच्या डेंटल पोस्टग्रॅज्युएशनच्या प्रवेश परीक्षेचा, रिझल्ट लागला की ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात, अमुक रँकला एंडो (रूट कॅनॉलची शाखा) मिळेल का, कुठलं कॉलेज टाकू, म्हणून जे प्रत्येकाला वेगवेगळं सांगते ते एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी एक गोष्ट, आपल्याकडे नुसत्या एंडोची एमडीएस नसते, डिग्री आहे कॉन्झर्व्हेटिव्ह डेन्टिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्सची आणि ती ३ वर्षांची. म्हणजे रूट कॅनॉलच्या जोडीला कंपोझिट, इनले-ऑनले, व्हिनिअर, ब्लीचिंग अशी दात भरायची, उजळवायची सगळी कामं आलीच. फिलिंग करायचा कंटाळा येत असेल तर नीट विचार करा, कारण निम्मं आयुष्य त्यातच जाणार आहे आणि आरसीटी (रूट कॅनॉल ट्रीटमेंट) केलेला दात पुढे टिकतो की नाही हे वरच्या रिस्टोरेशनवरही, म्हणजे फिलिंग किंवा कॅपवरही, तितकंच अवलंबून असतं.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. नीट एमडीएस, २४० प्रश्न, ३ तास, बरोबर उत्तराला ४ मार्क आणि चुकलं की १ वजा, एकूण ९६०. त्यातले १०० प्रश्न बेसिक सायन्सेसचे असतात आणि ते बहुतेक जण शेवटच्या महिन्यावर ढकलतात, तसं करू नका, अॅनाटॉमी, फार्मॅक आणि डेंटल मटेरियल्स रोज थोडं थोडं केलं तर क्लिनिकलपेक्षा लवकर मार्क देतात. एम्स दिल्लीची सीट हवी असेल तर तिथली परीक्षा वेगळी, आयएनआय-सीईटी. काउन्सेलिंग पण दोन ठिकाणी चालतं, सरकारी कॉलेजातला ५० टक्के ऑल इंडिया कोटा आणि डीम्ड युनिव्हर्सिट्या केंद्राच्या एमसीसीकडे (मेडिकल काउन्सेलिंग कमिटी), बाकी महाराष्ट्रातल्या सीट्स आपल्या सीईटी सेलकडे, त्यामुळे दोन्हीकडे रजिस्ट्रेशन करून ठेवा आणि सीट सोडल्यावर किती पैसे जातात, बाँड (नंतर ठराविक काळ सेवा द्यायची अट) आहे का, हे माहितीपुस्तिकेत स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, मित्राने सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका.

आता खरा मुद्दा, कॉलेज कसं निवडायचं. लोक फी बघतात, शहर बघतात, बिल्डिंग बघतात. मी म्हणते कामाच्या दिवशी, सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी दहा साडेदहाला त्या डिपार्टमेंटमध्ये जाऊन उभे राहा. ओपीडीत पेशंट किती बसलेत ते दिसतं. मुंबईतलं सरकारी डेंटल कॉलेज, नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी पेशंटची कमी नसते, पण पेशंट भरपूर म्हणजे शिक्षण आपोआप होतं असंही नाही, तिथे प्रत्येक केसला वेळ किती मिळतो हे विचारावं लागतं. उलट काही खाजगी कॉलेजात मायक्रोस्कोप, सीबीसीटी (दातांचा थ्रीडी स्कॅन) सगळं आहे आणि पेशंटच आणून बसवावे लागतात. दोन्हींचा मेळ कुठे बसतो ते शोधायचं.

तिथे गेलात की एचओडींपेक्षा (विभागप्रमुखांपेक्षा) आधी सेकंड इयरच्या पीजीला, म्हणजे एमडीएस करणाऱ्या विद्यार्थ्याला, गाठा, चहाला घेऊन जा आणि साधे प्रश्न विचारा. मायक्रोस्कोप कव्हर घालून ठेवलाय की रोज वापरतात? मोलरची (दाढेची) रिट्रीटमेंट, म्हणजे बिघडलेली आरसीटी पुन्हा करणं, पीजी स्वतः करतात की स्टाफ करतो आणि पीजी सक्शन धरतात? रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) प्रत्येक केसला लागतो की फोटो काढायचा असेल तेव्हाच? फाइल्स (कॅनॉल साफ करायच्या बारीक सुया) डिपार्टमेंट देतं की स्वतःच्या खिशातून आणायच्या? आणि अॅक्सेस ओपनिंग (दात उघडणं), वर्किंग लेंथ (कॅनॉलची लांबी मोजणं), मास्टर कोन (भरायचा मुख्य कोन बसवून बघणं), या प्रत्येक स्टेपला कोणी येऊन बघतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर ते कॉलेज यादीत वर टाका, मग बिल्डिंग जुनी असली तरी चालेल, कारण हात तयार होतो तो कोणीतरी चुका दाखवल्यामुळे होतो.

फर्स्ट इयर म्हणजे प्रीक्लिनिकल, आणि इथे बरेच जण वैतागतात. मेणाचे दात कोरा, टायफोडॉन्टवर (कृत्रिम दातांच्या मॉडेलवर) कॅव्हिट्या करा, कास्ट रिस्टोरेशन करा, काढलेल्या दातांवर अॅक्सेस करा. पेशंट बघायला आलो आणि हे काय असं वाटतं, पण हे महिने मन लावून करा. काढलेला वरचा पहिला मोलर हातात घ्या आणि एमबी-टू, म्हणजे पुढच्या गालाकडच्या मुळातला दुसरा, लपलेला कॅनॉल शोधा. एमबी-वनपासून (त्याच मुळातल्या पहिल्या कॅनॉलपासून) टाळूकडच्या पॅलेटल कॅनॉलकडे जाणारी एक रेषा मनात ओढायची, त्या रेषेच्या किंचित मेझियल (पुढच्या दातांकडच्या) बाजूला, एमबी-वनपासून साधारण २ मिमीच्या आसपास बघायचं. बऱ्याचदा वर डेंटिनचा एक कंगोरा असतो, तो अल्ट्रासॉनिक टिपने हलक्या हाताने, पाणी बंद ठेवून, थांबत थांबत काढायचा म्हणजे पांढरी भुकटी साचते आणि तिच्यात एक बारीक ठिपका दिसतो, तिथे १० नंबरची के-फाइल जरा वाकवून टेकवायची. फाइल अडकली, सोडली तरी तशीच उभी राहिली, की मिळाला. हे काढलेल्या दातांवर भरपूर वेळा करा, चुकून फ्लोअर पर्फोरेट झाला (तळाला भोक पडलं) तरी तो दात उभा कापून बघा कुठे दिशा गेली. जिवंत पेशंटच्या तोंडात ही सोय नाही.

क्लिनिकलमध्ये सुरुवातीला सगळ्यांना रोटरी (मोटरवर चालणारी) फाइल फिरवायची घाई असते, पण आधी हँड फाइलने ग्लाइड पाथ (फाइल सहज आत सरकेल अशी वाट) नीट करा, तुटलेल्या फाइल्सच्या निम्म्या कथा तिथेच सुरू होतात. कॅनॉल धुवायचं हायपोक्लोराइट देताना साइड-व्हेंटेड (बाजूला भोक असलेली) सुई वापरा, सुई कॅनॉलमध्ये अडकू देऊ नका, वर्किंग लेंथच्या २ मिमी अलीकडे ठेवा आणि हळू सोडा, जोर लावला तर ते एपेक्सच्या (मुळाच्या टोकाच्या) बाहेर जाऊन पेशंटचा गाल काही मिनिटांत सुजतो. आणि प्रत्येक केसचा प्री-ऑप, वर्किंग लेंथ, मास्टर कोन, पोस्ट-ऑप आणि शक्य असेल तर सहा महिने, वर्षाचा फॉलोअप एक्स-रे पहिल्या दिवसापासून नीट नावं देऊन सेव्ह करा. पेशंटला फोन करून परत बोलवा, फॉलोअप बघितल्याशिवाय आपण केलेलं काम बरं होतं की नाही हे कळतच नाही.

डिसर्टेशनचं (प्रबंधाचं) लोक फार टेन्शन घेतात. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पहिल्या सहा महिन्यांत द्यायचा असतो, म्हणून विषय साधा घ्या, जो तुमच्याच कॉलेजात पूर्ण होईल. काढलेल्या दातांवर इन-व्हिट्रो करणार असाल तर ऑर्थोसाठी काढलेले प्रीमोलर गोळा करायला पहिल्याच महिन्यात ओरल सर्जरीवाल्यांशी दोस्ती करा, एकसारख्या लांबीचे, क्रॅक नसलेले, एका कॅनॉलचे दात जमवायला वाटतं त्यापेक्षा खूप वेळ जातो. पेशंटवर ट्रायल असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय (देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) रजिस्ट्रेशन पहिला पेशंट घेण्याआधी, नंतर नाही. पार्ट वन म्हणजे बेसिक सायन्सेसचा पेपर पहिल्या वर्षाअखेरीस असतो, त्याला नीटचा अभ्यास अजून ताजा असतो तेवढ्यात उरकून घ्या.

थर्ड इयरला जमेल तेव्हा संध्याकाळी एखाद्या प्रॅक्टिस करणाऱ्या एंडोडॉन्टिस्टकडे नुसतं बघायला जा, एचओडींना विचारून. कन्सल्टिंग कसं चालतं, एंडोमोटर, अॅपेक्स लोकेटर, रबर डॅम किट सगळं एका बॅगेत घेऊन दिवसात तीन क्लिनिकं कशी करतात, पोस्ट-कोअरचे (आरसीटीनंतर दाताला आधार म्हणून बसवायच्या खुंटीचे) पैसे आधी कसे ठरवतात, हे कॉलेजात कोणी शिकवत नाही.

आणि वीकेंडच्या रोटरी कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन कोणी बोर्डावर एंडोडॉन्टिस्ट लिहीत असेल तर त्याचं बघून तुम्ही लिहू नका. एमडीएस पास झालात की डिग्री हातात आल्यावर महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलकडे अॅडिशनल क्वालिफिकेशनची नोंद करून घ्या, ती झाली की मगच बोर्ड रंगवायला द्या.