घरकर्ज थकलं आणि बँकेची नोटीस आली, तर

हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत, होतं. नंतर एखादा हप्ता भरून ते सुटत नाही, मागची सगळी थकबाकी भरावी लागते. म्हणून एक-दोन हप्ते थकले असतानाच शाखेत लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

सरफेसी कायद्याने बँक कोर्टात दावा न लावता गहाण घर ताब्यात घेऊन विकू शकते. त्याच्या कलम 13(2) ची नोटीस आली की थकबाकी भरायला 60 दिवस मिळतात. ती घ्यायची टाळू नका. दारावर चिकटवली तरी बजावलीच जाते. खातेउतारा मागवून आकडे ताडा: दंड, विमा, नकळत चढलेला व्याजदर. हरकत लेखी घ्या, बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. बँकेने ताबा-नोटीस लावली, तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. नवी मुंबईकरांसाठी ते वाशीतच आहे. दिवाणी कोर्टात जाऊन वेळ घालवू नका, तिथे हा दावा चालत नाही.

हप्ता झेपणारच नसेल तर लिलावाआधी फ्लॅट स्वतः विका, बहुधा भाव बरा मिळतो. गिऱ्हाईक कर्जाची रक्कम थेट बँकेत भरेल, असा त्रिपक्षीय करार करा. बँकेची लेखी संमती हवीच. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याची जमीन असेल तर हस्तांतराची परवानगी आणि शुल्क आलंच. सौदा तिथे रखडू शकतो, तेव्हा ते काम आधी हातात घ्या. लिलावाची जाहिरात निघाली की पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क संपतो.