पावसाळ्याआधी जनरेटर असा तयार ठेवा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात घुसलं, पुढे कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, आणि आमच्या दवाखान्याचा ६२.५ केव्हीएचा जनरेटर दुसऱ्याच रात्री धापा टाकत बंद पडला. डिझेल होतं, बॅटरी नवी होती. फिल्टरखालचं भांडं, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर, खोललं तर वर पिवळं डिझेल आणि तळाला दोन बोटं पाणी! टाकी अर्धी रिकामी राहिली की आतली दमट हवा पाणी धरते, म्हणून मे संपायच्या आत टाकी काठोकाठ भरा आणि दर आठवड्याला सेपरेटरखालचा नळ सैल करून पाणी सोडा, निव्वळ डिझेल आलं की बंद.

तरी बंद पडलाच तर बहुधा डिझेलच्या नळीत एअर, म्हणजे हवा, धरलेली असते. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) एक-दोन आटे सैल करायचा, हँड प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) मारत राहायचं, बुडबुडे जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. सेल्फ (स्टार्टर) एका दमात १० सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये थांबा, नाहीतर बॅटरीही जाईल.

टेस्टिंग म्हणून बरेच जण दर रविवारी पाच मिनिटं रिकामाच चालवतात, ते कृपा करून बंद करा. लोड नसला की इंजिन तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरच्या जोडातून काळे तेलकट ओघळ येतात. महिन्यातून एकदा अर्धा तास खऱ्या लोडवर चालवा, आमच्या सेटला म्हणजे निदान १५ किलोवॅट, तेव्हा मीटरवर ५० हर्ट्झच्या आसपास दिसलं पाहिजे. बंद करताना आधी लोड काढायचा, ३-४ मिनिटं तसाच फिरू द्यायचा.

डिझेलचा हिशोब सोपा, लिटरला साधारण साडेतीन युनिट. २५ किलोवॅट लोडला तासाला ७-८ लिटर धरा आणि तीन दिवसांचं आधीच आणून ठेवा, वादळात रस्ते बंद असतात हो.

आणि चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणाऱ्या स्विचशिवाय, जनरेटर लाइनला जोडू नका, कोणी कितीही घाई करू दे. आपले ४१५ व्होल्ट उलटे ट्रान्सफॉर्मरमध्ये गेले की वर ११ हजार होतात, आणि तिथे खांबावर लाइन बंद आहे समजून वायरमन तार जोडत असतो. चेंजओव्हर कुठल्या बाजूला टाकायचा ते रात्रपाळीच्या सिस्टरलाही स्वतः हाताने करून दाखवा, दारावर मोठ्या अक्षरात लिहून लावा.