गोऱ्या साहेबाची कारकीर्द कागदांतून कशी काढावी

आजोबा मराठा पलटणीत होते. त्यांच्या गोऱ्या साहेबाचा माग काढण्याआधी हात बसावा म्हणून मी ब्रिटिश सेनापती लॉर्ड गॉर्टपासून सुरुवात केली. दोन्ही महायुद्धं लढलेला माणूस, कागद भरपूर.

पहिलं काम नावाचं. ‘गॉर्ट’ हा किताब, आडनाव व्हेरेकर. हे ठाऊक नसल्यानं माझे दोन दिवस वाया गेले. उमराव घराण्यातला अधिकारी असेल तर दोन्ही नावांनी शोधा.

मग लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, उघडा. इंटरनेटवर फुकट आहे. हुद्दा कंसासकट उतरवून घ्या. गॉर्टच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या (ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक) नोंदीत ‘कॅप्टन (ब्रेव्हेट मेजर, ॲक्टिंग लेफ्टनंट कर्नल)’ असं आहे. ब्रेव्हेट म्हणजे मानाचा हुद्दा, ॲक्टिंग म्हणजे तात्पुरता. म्हणजे कायमचा हुद्दा कॅप्टनचा आणि हाताखाली ग्रेनेडियर गार्ड्सची अख्खी पहिली बटालियन! कंस गाळलात तर पुढच्या बढत्या जुळणारच नाहीत. डीएसओ या अधिकाऱ्यांच्या पदकापुढे ‘बार’ दिसला तर तेच पदक पुन्हा मिळालं असं समजा. गॉर्टला असे दोन बार आहेत.

पराक्रमाची तारीख गॅझेटच्या तारखेपासून वेगळी लिहा. पराक्रम २७ सप्टेंबर १९१८चा, उत्तर फ्रान्समधल्या कनाल द्यु नोर या कालव्यावरचा. मजकूर सावकाश वाचा: जखमी असताना तो उघड्या मैदानातून रणगाडा आणायला गेला, पुन्हा जबर जखमी झाला, स्ट्रेचरवर पडला आणि तिथूनही उठला. मी हे वाचून थोडा वेळ कागद बाजूला ठेवला होता.

मधली वर्षं आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील यादीत, मिळतात. १९३२ ते १९३६ तो हिंदुस्थानात लष्करी प्रशिक्षणाचा प्रमुख होता.

दुसऱ्या युद्धासाठी पदकं पुरत नाहीत, निर्णय शोधावे लागतात. फ्रान्समधल्या १९३९-४०च्या युद्धरोजनिश्या लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १६७ या दप्तरमालेत आहेत. पहिल्या युद्धाच्या डब्ल्यूओ ९५मध्ये. २५ मे १९४०च्या संध्याकाळची नोंद पाहा. गॉर्ट तेव्हा फ्रान्समधल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती होता. दक्षिणेकडे हल्ल्यासाठी राखलेल्या दोन डिव्हिजन गॉर्टनं स्वतःच्या जबाबदारीवर आघाडीतली उत्तरेकडची फट बुजवायला वळवल्या. फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून पुढे ३,३८,०००हून जास्त सैनिक सुटले, त्यामागे हा हुकूम होता. माझ्या मते तो त्याच्या क्रॉसपेक्षा मोठा.

आजोबांच्या साहेबासारखा हिंदी लष्करातला अधिकारी असेल तर मात्र क्यूला अडकू नका. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एल-मिल-१४, म्हणजे अधिकाऱ्यांच्या सेवानोंदींची माला, मागा.