खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवताना

खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी. तिच्याकडून पिल्लं काढायला थंडीचे महिने उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हात अंडी लवकर खराब होतात आणि कोंबडीही टोपलीत टिकत नाही.

गावठी कोंबडीखाली 10 ते 12 अंडी पुरेत. जास्त ठेवली तर कडेची थंड पडतात. अंडी आठवड्याच्या आतली, कळपात कोंबडा असतानाची हवीत. ती धुऊ नका: कवचावरचा नैसर्गिक थर गेला की जंतू आत शिरतात.

पसरट टोपलीत तळाला राख, वर भाताचा पेंढा, थोडा वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. उवा-पिसवांनी हैराण झालेली कोंबडी अर्ध्यात उठते, म्हणून ही तयारी टाळू नका. कोंबडी अंधार पडल्यावरच बसवा, ती लवकर स्थिरावते. दाणा-पाणी जवळ ठेवा. रोज पंधरा-वीस मिनिटं ती उठणारच, तिला अडवू नका.

सातव्या रात्री अंड्यामागे मोबाईलचा टॉर्च धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर गर्भ वाढतोय. आरपार स्वच्छ दिसणारी काढा. वास येणारं अंडं तर लगेच काढा, फुटलं तर बाकीचीही नासतात.

अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लू आतून कवच टोचतं. सोलून मदत केली तर रक्तस्राव होऊन पिल्लू दगावतं. पिल्लांना तांदळाच्या कण्या द्या. पाण्याच्या उथळ ताटलीत खडे टाका, नाहीतर ती बुडतात. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी (राणीखेत) रोगावरची लासोटा लस डोळ्यात एक थेंब.