रेकॉर्डिंग शिकताना आधी कोणते शब्द पक्के करावेत

रेकॉर्डिंगच्या कामात नव्याने आलेली मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करायचं की १९२ वर? मी विचारतो, तुमच्या इंटरफेसवर, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर, गेनचा नॉब कुठला ते दाखवा. काहींना राग येतो. पण रोजच्या कामात जे टेक वाया जातात, ते बहुतेक वेळा लेव्हल चुकल्यामुळे. सॅम्पल रेट (ते ९६ किंवा १९२) कमी पडला म्हणून टेक टाकून दिल्याचं मला आठवत नाही.

शब्दांची यादी पाठ करत बसू नका. आवाज ज्या वाटेने जातो, त्या क्रमाने शब्द शिका: माइक, प्रीअँप, एडीसी, कॉम्प्युटर, डीएसी (डिजिटलचं पुन्हा अ‍ॅनालॉग करणारा कन्व्हर्टर), स्पीकर. काही बिघडलं की ‘हे कुठल्या टप्प्यावर होतंय?’ हा एकच प्रश्न विचारायचा.

माइकमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो. त्याला कामापुरता मोठा करणारं सर्किट म्हणजे प्रीअँप, आणि किती मोठा करायचा ते ठरवतो गेन. कंडेन्सर माइकला बहुधा ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्याच केबलमधून जाणारी वीज) लागते, साध्या डायनॅमिक माइकला ती लागत नाही. कीबोर्ड किंवा मिक्सरचा सिग्नल लाइन लेव्हलचा, म्हणजे आधीच मोठा असतो. तो माइकच्या इनपुटला दिला की आवाज लगेच फाटू शकतो. इलेक्ट्रिक गिटारसाठी हाय-झेड इनपुट वेगळं असतं. ते न वापरता गिटार लाइनमध्ये घातली तर वरच्या पट्टीचा तजेला जातो आणि आवाज मंद लागतो.

पुढचा टप्पा एडीसी, अर्थात अ‍ॅनालॉग टू डिजिटल कन्व्हर्टर. तो सिग्नल ठरावीक अंतराने मोजतो. सेकंदाला किती वेळा मोजतो तो सॅम्पल रेट, आणि प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहून ठेवतो ती बिट डेप्थ. सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं नीट पकडता येतात. ४४.१ किलोहर्ट्झवर ही मर्यादा २२.०५ किलोहर्ट्झ, म्हणजे माणसाच्या कानाच्या जवळपास २० किलोहर्ट्झच्या पल्ल्याच्या थोडी पुढे. त्याहून उंच काही आत शिरलं तर ते खोट्या रूपात खाली उमटतं: ३० किलोहर्ट्झची कंपनं ऐकू येणाऱ्या १४.१ वर येऊन बसतात. याला एलियासिंग म्हणतात, आणि ते रोखणारा फिल्टर कन्व्हर्टरमध्येच असतो.

४४.१ हा विचित्र आकडा आला व्हिडिओ टेपमुळे. सुरुवातीला डिजिटल ऑडिओ व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत. सेकंदाला ६० फील्ड (एक फील्ड म्हणजे चित्राच्या अर्ध्या ओळी), प्रत्येकात वापरता येतील अशा २४५ ओळी, दर ओळीत ३ सॅम्पल. गुणून पाहा, ४४,१०० येतात. १९८२ साली सीडी बाजारात आली तीही याच रेटवर. व्हिडिओच्या जगात मात्र ४८ चालतो. मी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर काम करतो. स्टीरिओ फाइल मिनिटाला साधारण १७ एमबी होते, ९६ वर त्याच्या दुप्पट. नंतर आवाज खूप संथ करून वापरायचा असेल तर ९६ घ्यावा; नुसत्या गाण्याबोलण्यासाठी मी घेत नाही.

बिट डेप्थचा हिशेब सोपा आहे: एका बिटला अंदाजे ६ डेसिबल. १६ बिटला ९६, २४ बिटला १४४. प्रत्यक्षात चांगले कन्व्हर्टरही १२० च्या आसपास थांबतात, कारण सर्किटची स्वतःची खरखर असते. तरीही २४ बिटचा मोठा फायदा असा की लेव्हल कमी ठेवून निवांत रेकॉर्ड करता येतं. डिजिटल मीटरवर शून्य डीबीएफएस (‘फुल स्केल’पासून मोजलेले डेसिबल) म्हणजे छत. त्याच्या वर काहीच नाही. गायक सर्वांत जोरात गाईल तेव्हा पीक, म्हणजे सिग्नलचा सर्वांत उंच माथा, उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहील एवढाच गेन द्या. वर मोकळी राहिलेली जागा म्हणजे हेडरूम. तालमीत सौम्य गाणारा माणूस लाल दिवा लागला की हमखास जोर लावतो, म्हणून ही जागा हवीच.

क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेला धडकून कापला गेलेला, ट्रॅक झूम करून एकदा नीट बघा. लहरींचे गोल माथे कापल्यासारखे सपाट दिसतात. फेडर (ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढला तरी सपाट माथा सपाटच राहतो, फक्त हळू ऐकू येतो. कधी मीटर उणे ८ च्या वर जात नाही आणि तरी माथे सपाट असतात. अशा वेळी कॉम्प्युटरला दोष देऊ नका; सिग्नल एडीसीच्या आधीच, माइकमध्ये किंवा बाहेरच्या प्रीअँपमध्ये फाटलाय. ३२ बिट फ्लोट फाइल (शून्याच्या वरची लेव्हलही साठवू शकणारी) सुद्धा तो वाचवू शकत नाही.

मग बफर. कॉम्प्युटर सॅम्पल एकेक करून नाही, गठ्ठ्याने घेतो. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा गठ्ठा म्हणजे ५.३ मिलिसेकंद, आत येताना एकदा, बाहेर जाताना पुन्हा, शिवाय कन्व्हर्टरचा थोडा वेळ. हा सगळा उशीर म्हणजे लेटन्सी. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतोय असं वाटलं तर बफर ६४ किंवा १२८ करा, नाहीतर डायरेक्ट मॉनिटरिंग (कॉम्प्युटरला वळसा न घालता इंटरफेसमधूनच हेडफोनला आवाज) चालू करा. मिक्सिंगला १०२४ ठेवा, नाहीतर प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्राम) वाढले की तडतड सुरू होते.

दोन डिजिटल उपकरणं जोडताना क्लॉकचा, म्हणजे सॅम्पलला ताल देणाऱ्या घड्याळाचा, गोंधळ ठरलेला. एकानेच क्लॉक द्यायचा, दुसऱ्याने ‘एक्स्टर्नल’वर राहून तो पाळायचा. दोन्ही ‘इंटर्नल’वर राहिली तर मधूनच टिक टिक येते, आणि नवशिके केबल बदलत बसतात. केबलबद्दल एवढंच: ऑप्टिकल एसपीडिफ आणि एडॅट या डिजिटल ऑडिओ पाठवायच्या दोन पद्धतींचं टोक सारखंच, पण पहिल्यातून २ चॅनल जातात, दुसऱ्यातून ४८ किलोहर्ट्झपर्यंत ८. सेटिंगमध्ये दोन्हीकडे एकच प्रकार निवडलेला नसेल तर केबल चांगली असूनही धड काही ऐकू येत नाही. जिटरची, म्हणजे क्लॉकच्या ठोक्यांतल्या बारीक अनियमिततेची, चर्चा वाचायला मिळेल, ती तूर्त बाजूला ठेवा. डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक खरखर) मात्र लक्षात ठेवा: २४ बिटचं काम १६ बिटमध्ये काढताना, अगदी शेवटच्या पायरीला आणि एकदाच.