टीएमएसने थ्रेशोल्ड घेताना या चुका टाळा

टीएमएस म्हणजे डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय पल्सने मेंदूला चाळवणं. हाताच्या स्नायूकडून जेमतेम उत्तर मिळवायला मशीनची किती टक्के ताकद लागते, तो मोटर थ्रेशोल्ड. एपिलेप्सीच्या पेशंटचा हा थ्रेशोल्ड घ्यायला बसलं की नव्या मुलांचं सगळं लक्ष कॉइलकडे असतं. पेशंटच्या हाताकडे कोणी बघत नाही.

आमच्या एका पेशंटचा आकडा पहिल्या भेटीत ५८ टक्के होता, दुसऱ्या भेटीत ४९ आला. मेंदूची उत्तेजनशीलता वाढली, औषध पुरत नाही, असं आम्ही फाईलमध्ये लिहूनही टाकलं. संध्याकाळी कच्चा ईएमजी, म्हणजे स्नायूतल्या विजेची नोंद, उघडला, तर पल्सच्या आधीची रेघ सपाट नव्हतीच, केसाळ दिसत होती. बाई घाबरून खुर्चीचा हात अंगठ्याने दाबून बसल्या होत्या. स्नायू जरासा आवळलेला असला तरी मणक्यातल्या पेशी आधीच तयारीत असतात आणि कमी ताकदीच्या पल्सलाही उत्तर देतात. पुन्हा बोलावून घेतलं तेव्हा ५७ आला. तो कागद तसाच पुढे गेला असता तर त्यांचा डोस वाढला असता, हे मला अजून टोचतं. तेव्हापासून मी हाताखाली उशी देते आणि ईएमजीचा आवाज स्पीकरवर ठेवते. खरखर आली की ती पल्स बाद.

दुसरी चूक औषधाची. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही फिटची औषधं मेंदूच्या पेशींतले सोडियम चॅनेल अडवतात, थ्रेशोल्ड वर नेतात. म्हणून ‘सकाळी घेतली’ एवढं उत्तर मला चालत नाही. किती वाजता, ते हवं. शेजारी काल किती तास झोप झाली आणि शेवटची फिट कधी आली, तेही लिहिते. फिटच्या आधीच्या २४ तासांत उत्तेजनशीलता वाढलेली आणि नंतरच्या २४ तासांत घटलेली दिसते, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलं. त्यामुळे मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारते, रात्री काही झालं का. आकडा स्वच्छ यावा म्हणून गोळी चुकवायला सांगणारे मी पाहिले आहेत. असं कधीही करू नका.

तीन पल्स देऊन थ्रेशोल्ड ठरवू नका. १० पैकी ५ वेळा स्नायूकडून किमान ५० मायक्रोव्होल्टचं उत्तर मिळायला हवं. दोन पल्समध्ये किमान ५ सेकंद जाऊ द्या, आणि तेही ठेक्यात नको. टोपीवर कॉइलची खूण करा, ४५ अंशांचा कोनही आखा. कॉइल धरून आपला हात दुखला की ती कधी सरकते ते कळत नाही. जोडपल्सला, म्हणजे पाठोपाठ दोन पल्स देऊन पहिलीचा दुसरीच्या उत्तरावर काय परिणाम होतो ते बघायला, घाई तर मुळीच नको. पहिली पल्स थ्रेशोल्डच्या ८० टक्के धरतो, म्हणजे थ्रेशोल्ड चुकला की २ मिलिसेकंदांच्या अंतरावर उत्तर दबतं तो आकडाही चुकला आणि १० मिलिसेकंदांवर वाढतं तोही.

इअरप्लग दोघांनीही घालायचे. कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर मशीन सुरूच करायचं नाही. एका पल्सने फिट येणं विरळा, तरी खुर्चीशेजारी पेशंटला कुशीवर वळवता येईल एवढी जागा मी रोज सकाळी आधी मोकळी करून घेते.