देणगीच्या पानावर नुसता क्यूआर कोड ठेवू नका

संस्थेची वेबसाइट बरेच जण मोबाइलवरच उघडतात आणि देणगीच्या पानावर असतो फक्त क्यूआर कोड. हातातल्या फोनवरचा कोड त्याच फोनने स्कॅन कसा करणार? एका वाचनालयाला पैसे पाठवताना मी असाच अडकलो. स्क्रीनशॉट काढा, मग ॲपमध्ये गॅलरीतून तो शोधा. एवढ्यात कितीतरी जण पान बंद करत असतील.

१. कोडखाली यूपीआय आयडी अक्षरांत लिहा आणि शेजारी ‘कॉपी करा’ बटण द्या. आयडी चित्रात नको, तो सहज कॉपी होत नाही.
२. खातं ज्या नावाने आहे ते नाव तिथेच छापा. ॲपमध्ये तेच नाव दिसलं की देणारा निर्धास्त होतो.
३. पावतीसाठी पॅन घेत असाल तर चौकटीवर ‘५ अक्षरं, ४ अंक, १ अक्षर’ असं लिहा. लहान लिपीतली अक्षरं आपोआप मोठी होऊ द्या, त्यासाठी फॉर्म परत पाठवू नका.

एक सांभाळा: एफसीआरए (परदेशी देणग्यांबाबतचा कायदा) खाली संस्थेची नोंदणी नसेल तर कोडपाशी ‘फक्त भारतीय नागरिकांसाठी’ असं ठळक लिहा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्या भाच्याची देणगीही कायद्याने परदेशी ठरते.